वरचा बाण सापडेना

लॅपटॉप घरी आला त्या दिवशी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, तो मिटलेला हातात घेतला, अंगठा आणि तर्जनीत धरून जाडी चाचपली आणि तोंड वाकडं केलं.

“विजू, लई बारीक हाय गं हे. बारीक मशीनचे पार्टबी बारीक. घरात रांगतं लेकरू हाय. जरा जाडजूड बघायचं व्हतं.”

“अप्पा, लॅपटॉप आहे तो, खुळखुळा नाही,” मी म्हटलं. “इंदूच्या हाताला तो लागणारच नाही.”

अप्पांनी लॅपटॉप टीपॉयवर ठेवला. आकुर्डीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं टूलरूममध्ये फिटर होते ते. जाडी-बारकी त्यांना कळते, पण लॅपटॉपमधलं काय कळणार, असं मला वाटलं.

खरं तर काळजी करण्यात आमच्या मारुंजीच्या अख्ख्या सोसायटीत माझा हात कुणी धरणार नाही. घरातल्या प्रत्येक प्लगला झाकण आहे, टीपॉयच्या चारही कोपऱ्यांना स्पंज आहे. द्राक्षाचे मी चार तुकडे करते आणि मग त्या चारांकडे संशयाने बघते. इंदू झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास लागतोय का ते पाहते, आणि त्याने ती जागी झाली की पुन्हा झोपवते. अशा बाईने तेवढी एक सूचना उडवून लावली, कारण लॅपटॉप मला हवा होता.

हवा होता तो कामासाठी. मी मेकॅनिकल इंजिनिअर. गाडीच्या पत्र्यांचं वेल्डिंग होताना ते हलू नयेत म्हणून त्यांना धरून ठेवणारी फिक्श्चर असतात, त्यांची डिझाइन मी कॉम्प्युटरवर करते. इंदू झाल्यावर नोकरी सोडली आणि घरून कामं घ्यायला लागले. असली थ्रीडी डिझाइन साध्या लॅपटॉपवर उघडली की तो विचारात पडतो, आणि मी चहा करून आले तरी विचारातच असतो. त्याला गेमिंगचाच लॅपटॉप लागतो. माझा नवरा निरंजन चाकणला सीटचे सांगाडे बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. दुकानदार “गेमिंगसाठी ना?” म्हणाला तेव्हा आम्ही दोघं एका सुरात “कामासाठी” म्हणालो. इतकं एकमत आमचं लग्नातही नव्हतं. आणि बारीक का, तर कडेवर इंदू, एका हातात लॅपटॉप आणि मी ओट्यापासून पलंगापर्यंत, अशी माझी फिरती कचेरी आहे.

संध्याकाळी शिफ्टवरून आला की निरंजन त्यावर गाड्यांची शर्यत खेळतो. ते सगळ्यांना माहीत होतं. दुपारी इंदू चाळीस मिनिटं झोपते तेव्हा मी काय करते, ते मात्र कुणाला माहीत नव्हतं. सगळे समजत, बिचारी काम करते. ती बिचारी त्या वेळात समुद्राकाठच्या घाटरस्त्यावरून ताशी दोनशे चाळीसच्या वेगाने लाल गाडी पळवत असे. माझी खरी स्कूटी वाकडच्या पुलापलीकडे कधी गेलेली नाही.

तर तो गुरुवार. आपल्याकडे गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून निरंजन घरी. आई-अप्पा बुधवारीच आकुर्डीहून मुक्कामाला आलेले. माझी मात्र बाराला बंगळुरूच्या एका कंपनीसोबत मीटिंग होती, त्यांना गुरुवारचं काय. नाश्ता आटपला आणि साडेनऊला मी टीपॉयवरचा लॅपटॉप पुढ्यात ओढला.

कीबोर्डवर उजवीकडे खाली चार बाण असतात ना, वर, खाली, डावा, उजवा? आमच्या लॅपटॉपवर ते पांढरे आहेत. त्यातला वरचा बाण नव्हता. त्या जागी रबराचा इवलासा उंचवटा तेवढा उभा होता.

इंदू सतरंजीवर बसून माझ्याकडे बघत होती. आणि तिचं तोंड हलत होतं.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. मी तिच्या तोंडात बोट घातलं आणि ती मला चावली, एवढं आठवतं. तोंडात पोह्यातला शेंगदाण्याचा कण होता, बाण नव्हता. म्हणजे गिळला. शेंगदाणा कुणी दिला यावर आईंशी भांडायलाही मी थांबले नाही.

“निरंजन! हिने बटण गिळलं!”

दहा मिनिटांत आम्ही वाकडला इंदूच्या डॉक्टर बाईंसमोर होतो. त्यांनी घसा पाहिला, छाती ऐकली, पोट दाबून बघितलं. इंदूने त्यांचा स्टेथोस्कोप ओढून घेतला आणि द्यायलाच तयार होईना.

“खोकला? उलटी? लाळ गळतेय? काहीच नाही. पाणी प्यायलीय. मग आता घाबरू नका,” बाई म्हणाल्या. “प्लास्टिक एक्सरेत दिसायचं नाही. गिळलं असेल तर दोन-तीन दिवसांत बाहेर येईल. लक्ष ठेवा. काही त्रास वाटला तर लगेच घेऊन या. आणि गिळलंय, हे नक्की ना? आधी घर नीट शोधलंत?”

हे शेवटचं वाक्य निरंजनने गाडीत बसल्याबसल्या तीनदा म्हणून दाखवलं. घरी पोहोचेस्तोवर त्याचा चेहरा बदलला होता. कंपनीत गिऱ्हाइकाची तक्रार आली की त्याचा असा चेहरा होतो, असं त्याचे मित्र सांगतात. मी पहिल्यांदाच पाहिला.

“आमच्याकडे हत्याराचा तुकडा तुटला,” तो दारातच उभा राहून म्हणाला, “तर तो सापडेपर्यंत लाईन बंद असते. कुणी जागचं हलत नाही. आई, केर टाकू नकोस. अप्पा, उठू नका.”

“मी बसलोय कुठं? चपला घालतोय. पान आणाया निघालो.”

“पान नंतर. आत या.”

त्याने बॅगेतून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची चिकटपट्टी काढली. ती त्याच्या बॅगेत कशासाठी असते, ते मी लग्न झाल्यापासून विचारायचं म्हणतेय. हॉलचे त्याने चार भाग केले. इंदूचा अंघोळीचा लाल टब मध्ये ठेवला आणि सापडेल ती संशयित वस्तू त्यात टाकायची असं जाहीर केलं. आईंनी कंबर कसून सोफ्याखाली झाडू घातला. इंदूला वाटलं आज काहीतरी सण आहे. ती टाळ्या वाजवायला लागली.

अप्पांना हे सगळं पटलेलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून आपला व्हर्नियर काढला. टूलरूममध्ये मापं घ्यायचं हे साधन निवृत्त होतानाही त्यांनी सोडलं नाही. चष्मा न लावता, डोळ्यांजवळ धरून त्यांनी लॅपटॉपवरचा खालचा बाण मोजला.

“पंधरा मिलिमीटर लांब, सात रुंद, दोन जाड,” ते म्हणाले. “कडा गोल हायेत, त्ये बरं. पन एवढी वस्तू गिळली जाईल व्हय? उगा लेकराला बदनाम करताय. माणसाला कळतं की घशातून काय चाललंय ते.”

“अहो, ती वर्षाची आहे,” आई म्हणाल्या.

“म्हनून काय झालं? जीभ हाय न्हवं तोंडात?”

निरंजनने कागद घेतला. “आता का, का, का. पाच वेळा का विचारलं की मूळ सापडतं. बाण निघाला. का निघाला?”

“सैल झाला असंल,” अप्पा.

“सैल का झाला?”

“लई जोरात दाबला असंल कुनी. त्याबिगर न्हाई व्हत.”

“कोण दाबतं?” निरंजनने माझ्याकडे पाहिलं. “तुझ्या डिझाइनला लागतो?”

“लागतो की. मॉडेल फिरवायला,” मी म्हटलं. “पण हळू. तूच दाबत असशील, शर्यतीत.”

“मी गेमच्या रिमोटवर खेळतो विजू. मी कीबोर्डला हात लावत नाही.”

तो लॅपटॉपपाशी गेला. शर्यतीच्या खेळात कुठल्या वेळी खेळलं गेलं याची नोंद असते, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. तो मोठ्याने वाचायला लागला. “सोमवार, दुपारी एक पस्तीस. मंगळवार, एक चाळीस. बुधवार, दोन वाजून पाच. बुधवारी दोनला मी प्लांटमध्ये होतो.”

आई झाडू धरून सरळ उभ्या राहिल्या.

“मी सगळ्यांना सांगत्ये,” त्या हळूच म्हणाल्या, “सून दुपारचीसुद्धा टेकत नाही म्हणून.”

“टेकत नव्हतीच ती,” निरंजन स्क्रीनकडे बघत म्हणाला. “दोनशे त्रेसष्ट! विजू, माझं रेकॉर्ड तू मोडलंस? मी म्हणतोय हा खेळ मला रोज मागे का दाखवतोय!”

मला रडू फुटलं. हसण्यासारखं होतं, कबूल, पण माझ्या डोळ्यांपुढे एकच दिसत होतं. तो बाण मी सैल केला होता. वरचा बाण दाबला की गाडी पळते; रोज चाळीस मिनिटं, जीव तोडून, त्याच एका बटणावर. आणि आता तो माझ्या लेकीच्या पोटात होता. मी इंदूला उचलून छातीशी धरली. तिने माझा रडका गाल चाटून बघितला.

“आगं ये, रडू नको,” अप्पा म्हणाले. “मशीन कुनाच्याबी हातानं सैल व्हतं. मी काय म्हनलो व्हतो, ते मी आता काढनार न्हाई.”

एवढं बोलून त्यांनी ते काढलंच होतं.

बारा वाजत आले. निरंजनचा नियम लाईन बंदचा होता, पण बंगळुरूला आमच्या लाईनचं काय! मी इंदूला मांडीवर घेऊन मीटिंगला बसले. माझं फिक्श्चर समोरून दाखवलं, डावीकडून दाखवलं, उजवीकडून दाखवलं. मग तिकडचे साहेब म्हणाले, वरून दाखवा. मॉडेल वर फिरवायला वरचा बाण लागतो. माउसने फिरवता येतं, हे मला त्या घडीला सुचलंच नाही. मी खालचा बाण दाबत राहिले. माझं फिक्श्चर पालथं झालं, पोटाकडून, पाठीकडून, सगळा वेढा घालून शेवटी वरून दिसायला लागलं. साहेब म्हणाले, “व्हेरी थरो. खालची बाजू कुणी दाखवतच नाही.” डिझाइन पास झालं. मला त्याचा आनंद झाल्याचं आठवत नाही, कारण मी एका डोळ्याने इंदूला खोकला येतोय का ते बघत होते.

मीटिंग संपली तेव्हा लाल टब बराच भरला होता. कपाटाखालून, गादीखालून आणि फ्रिजमागून जे जे निघालं ते निरंजन एकेक करून कागदावर उतरवत होता. दुधाच्या बाटलीचं बूच, राखीचा मणी, दोन फुटाणे, माझं हरवलेलं कानातलं फिरकीशिवाय, आणि पंख्याचा एक स्क्रू, जो कुठून निघाला ते न कळल्याने अप्पा सारखे वर बघत होते. बाण नव्हता. टबाच्या तळाशी पांढरी, लांबट अशी एक वस्तू पाहून मी झडप घातली. पण ती आईंच्या झाडूने सोफ्याखालून काढलेली गोळी होती.

आईंनी ती हातात घेतली. “ही तर ह्यांची कॅल्शियमची.”

“जुनी असंल, पद्मा,” अप्पा म्हणाले.

“जुनी कशी? काल संध्याकाळी मी सोफ्याखालचं सगळं पुसून काढलंय. आजचीच आहे. पण सकाळी मी तुम्हाला बशीत तीन दिल्या होत्या ना? बीपीची, शुगरची आणि ही?”

“दिल्या. तिन्ही गिळल्या मी. पेपर वाचत व्हतो, पन गिळल्या.”

“तीन?”

“तीन. मोजून.”

निरंजनचं पेन थांबलं. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग अगदी हळू, जसं काही आवाज मोठा झाला तर अपघात होईल, अशा स्वरात म्हणाला, “अप्पा, बशीत तीन आल्या. तुम्ही तीन गिळल्या. मग एक खाली कशी?”

आमच्या इंदूचा आठवडाभर एक खेळ चालला होता: डब्यातून एक वस्तू काढायची आणि तिच्या जागी दुसरी ठेवायची. माझ्या पर्समधून किल्ली गेली आणि बटाटा आला, तेव्हा मी त्याचा व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. सकाळी ती बशी टीपॉयवर होती. लॅपटॉप टीपॉयवर होता. इंदू टीपॉयला धरून उभी होती. आणि बाण दुधी पांढरा, पंधरा लांब, सात रुंद.

आम्ही सगळे अप्पांकडे बघायला लागलो.

“काय?” अप्पा म्हणाले. मग त्यांचा हात आपोआप गळ्यापाशी गेला. “आज कॅल्शियमची जरा गुळगुळीत व्हती,” ते म्हणाले. “खालून पोकळ लागली. मी म्हनलं, कंपनी बदलली वाटतं.”

माझ्या छातीवरचं ओझं एका क्षणात उतरलं आणि मला इतकं हसू आलं की मी इंदूला घेऊन आत पळाले. सासऱ्यांसमोर असं हसणं बरं दिसत नाही. आत जाऊन उशीत तोंड घालून हसले, आणि हसताहसता एकदम थांबले. अप्पा सदुसष्ट वर्षांचे आहेत. शुगर आहे. तेरा महिन्यांच्या पोटाची काळजी करायची तेवढीच ह्याही पोटाची करायला हवी की!

मी बाहेर येऊन डॉक्टर बाईंना फोन लावला. “बटण सापडलं,” मी म्हटलं, “म्हणजे कुठे आहे ते कळलं. इंदूच्या पोटात नाही.”

“छान!”

“तिच्या आजोबांच्या पोटात आहे.”

“ताई,” बाई म्हणाल्या, “मी लहान मुलांची डॉक्टर आहे.”

मग त्यांनीच दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर दिला. ते आम्हाला संध्याकाळी भेटले, अप्पांना तपासलं आणि पुन्हा तेच म्हणाले. बहुतेक आपोआप जाईल, लक्ष ठेवा. पोट दुखलं, उलट्या झाल्या, ताप आला किंवा तीन दिवसांत काहीच दिसलं नाही, तर हयगय न करता या.

“लक्ष ठेवा” हे शब्द निरंजनला द्यायला नको होते. घरी आल्यावर त्याने एक तक्ता केला. तारीख, वेळ, निरीक्षण, सही. संडासाच्या दाराला तो चिकटवायला निघाला, तेव्हा अप्पा सोफ्यावरून उठले.

“छत्तीस वर्षं,” ते म्हणाले, “छत्तीस वर्षं मी दुसऱ्याचे पीस तपासले. माझ्या पीसवर कुनी बोट ठेवलं न्हाई. आता माझाच पोरगा माझा पीस तपासनार?”

“अप्पा, तुमच्या तब्येतीसाठी.”

“सही कोन करनार त्याच्यावर?”

निरंजनने तक्त्यातला सहीचा रकाना खोडला. आई तोंडाला पदर लावून भिंतीकडे बघत होत्या, खांदे हलत होते. अप्पांना ते दिसलं. ते दिसलं नसतं तर कदाचित पुढचं टळलं असतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही उठलो तेव्हा अप्पा, त्यांची पिशवी आणि व्हर्नियर, तिन्ही नव्हते. पहिल्या बसने आकुर्डीला गेले होते. फ्रिजवर चिठ्ठी होती. ‘मी ठीक. पद्माला रविवारपर्यंत ठेवून घ्या. बटण आल्यास धुऊन देतो. चांगले आहे, बसेल.’

लॅपटॉपवाल्याने तो एक बाण सुटा मिळत नाही, पूर्ण कीबोर्ड बदलावा लागेल असं सांगितलंय; पण मला तो बाण परत नकोय. देवाशप्पथ नकोय. मला अप्पांचं कळायला हवंय. शुक्रवार गेला. शनिवार गेला. फोन केला की ते म्हणतात, “सगळं ओके,” आणि ठेवतात. आलं का, म्हटलं की ठेवतात. दुखतंय का, म्हटलं तरी ठेवतात. निरंजन शनिवारी शिफ्ट झाल्यावर गेला तर दार उघडलं नाही, खिडकीतून म्हणाले, “तक्ता आनलास का?” आणि खिडकी लावली. आई म्हणतात, मी रविवारच्या आधी गेले तर ते आणखी भडकतील. आज रविवार आहे, तिसरा दिवस. आई दुपारनंतर निघणार आहेत, पण माझा जीव दुपारपर्यंत थांबायला तयार नाही. डॉक्टरांनी तीन दिवस म्हटलं होतं. निरंजन शिफ्टवर गेलाय; इंदूला ताप आहे, दात येतायत, ती आईंकडे थांबत नाही आणि तिला घेऊन मला निघता येत नाही. नाहीतर आज मी पुलापलीकडे स्कूटी घातली असती.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कुणी आकुर्डीला स्टेशनच्या बाजूला राहत असेल, तर तिथल्या बागेत एक चक्कर मारा ना. प्रभाकर त्यांचं नाव. उंच, पाठीत जरा वाकलेले, राखाडी हाफ स्वेटर. सकाळी नऊपर्यंत पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर एकटेच पेपर वाचत असतात. शेजारी बसा, नमस्कार करा. नाश्ता काय केला ते विचारा. खाल्लं म्हणाले तर चांगलं, इच्छा नाही म्हणाले तर मला लगेच कळवा. चेहरा ओढलेला दिसतो का, उठताना पोटाला हात लावतात का, तेवढं बघा. आणि मूड बरा दिसला, अगदीच बरा दिसला, तर मोघम विचारा, की काका, सगळं मोकळं झालं ना? मी पाठवलंय म्हणू नका.